आधी बोलणारे लेखक

कराड,
दिवाळीनंतरचा पहिला रविवार

प्रिय नंदू,

तुझं पत्र पोचलं. सगळ्यांची खुशाली कळली, तिकडे थंडी सुरू झाली हेही कळलं; पण मी अडकले ती शेवटच्या परिच्छेदात. तुझ्या आसपासच्या तीन माणसांना एकदम मराठी गोष्टींची पुस्तकं वाचावीशी वाटू लागली, याचा मला इतका आनंद झाला की बाकीच्या मजकुराचं उत्तर आधी लिहावं हेही सुचत नाही. भावोजींनी दहावीचा मराठीचा पेपर दिल्यावर गोष्टीचं पुस्तक हातात धरलं नव्हतं, ते आता निवृत्त झाल्यावर आपण होऊन मागतायत. लेक रविवारच्या मराठी शाळेत अक्षरं शिकला होता, त्याला ती आता वापरून बघायचीत. आणि एडिसनमध्ये तुम्हाला पोळीभाजीचा डबा देणाऱ्या त्या काकू, आटपाडीकडच्या, सातवीपर्यंत शिकलेल्या, दुपारच्या रिकाम्या वेळात वाचायला काही मिळेल का म्हणून तुला विचारतात. तू लिहिलंस, "सोप्या लेखकांची यादी पाठव, म्हणजे मागवून घेते."

यादी पाठवते, पण आधी थोडं बोलू दे. वाचनालयात देवघेवीच्या टेबलाशी बसायला लागल्यापासून हा प्रश्न मला सारखा भेटतो. नवा सभासद अनामत भरतो, वर्गणी भरतो आणि कपाटांसमोर जाऊन नुसता उभा राहतो. तेवढ्यात कुणीतरी जाणता वाचक पुढे होतो आणि 'मृत्युंजय' नाहीतर 'कोसला' त्याच्या हातात ठेवतो. हेतू चांगलाच असतो. जे पुस्तक आपल्याला आयुष्यभर पुरलं ते दुसऱ्यालाही द्यावंसं वाटणारच. पण आमच्याकडची 'मृत्युंजय'ची प्रत उघडून बघ. पहिली पन्नास-साठ पानं हाताळून मऊ पडलेली, कोपरे दुमडलेले. पुढचा गठ्ठा मात्र करकरीत. माणूस पुस्तक परत करतो, "छान आहे, पण वेळ होत नाही" म्हणतो, आणि पुढच्या महिन्यात वर्गणी भरायला येत नाही. हे मला फार लागतं. त्याला वाटतं आपल्याला वाचन जमत नाही. खरं तर त्याला फक्त दुसरं पुस्तक हवं होतं.

माझं म्हणणं असं आहे, नंदू, की नव्या वाचकाला आधी बोलणारा लेखक द्यावा. ज्यानं कधी वाचलेलं नाही त्यानं आयुष्यभर ऐकलेलं तर असतंच. कीर्तन ऐकलेलं असतं, आजीच्या तोंडून गोष्टी ऐकलेल्या असतात, एसटीत शेजारच्याची अख्खी कहाणी ऐकून घेतलेली असते. गोष्ट कशी वळण घेते, कुठे थांबते, कुणाच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा आणि कुणाच्या नाही, हे सगळं त्याच्या कानाला ठाऊक असतं. फक्त डोळ्याला सवय नसते. मग पहिली काही पुस्तकं अशी हवीत की डोळा चाचपडला तरी कान त्याला पुढे नेईल.

आणि या बाबतीत आपली मराठी भाग्यवान आहे, कारण आपल्याकडे कथाकथनाची जबरदस्त परंपरा होऊन गेली. द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर हे तिघं गावोगावी जाऊन आपल्याच कथा व्यासपीठावरून सांगायचे. आपल्या लहानपणी गणेशोत्सवात, कॉलेजच्या स्नेहसंमेलनात कथाकथन असलं की मैदान भरायचं, तुला आठवत असेल. आता विचार कर, समोर हजार माणसं बसलेली, त्यांतली निम्मी कधी पुस्तक न उघडलेली. त्यांना मागचं पान पुन्हा उलटून बघता येत नाही. म्हणून सांगणाऱ्याला पहिल्या चार वाक्यांत गाव, माणूस आणि भानगड तिन्ही समोर उभं करावं लागतं. पात्रं थोडी ठेवावी लागतात आणि प्रत्येकाला अशी एखादी लकब द्यावी लागते की ते पुन्हा आलं की लगेच ओळखू यावं. श्वास संपेल तिथे वाक्य संपवावं लागतं. या तिघांनी जे लिहिलं ते सगळंच काही व्यासपीठासाठी नव्हतं, पण तो सराव त्यांच्या गद्यात मुरलेला आहे. नव्या वाचकाला नेमकं तेच लागतं.

मिरासदारांपासूनच सुरुवात कर असं मी म्हणेन. अकलूजला जन्म, पंढरपूरला लहानपण, म्हणजे भावोजींच्या सोलापूर जिल्ह्यातलेच. 'व्यंकूची शिकवणी', 'माझ्या बापाची पेंड', 'भुताचा जन्म' या कथा एका बैठकीत होतात. त्यांच्या भोकरवाडीच्या गोष्टींमध्ये नाना चेंगट, बाबू पैलवान ही मंडळी पुन्हा पुन्हा येतात, त्याचा एक वेगळा फायदा आहे. दुसरी गोष्ट सुरू करताना वाचक अनोळखी घरात पाऊल टाकत नाही. माणसं ओळखीची असतात, आज त्यांनी काय उद्योग केलाय एवढंच बघायचं असतं. वाचनाची सवय लागायला हे फार उपयोगी पडतं. चिं. वि. जोशींच्या चिमणराव-गुंड्याभाऊंचंही तसंच. भाषा थोडी जुनी वाटेल, पण भावोजींनी दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव पाहिलेला असणार, त्यामुळे वाचताना तो आवाज आपोआप कानात येईल.

विनोदी लेखनाला कमी लेखणारे लोक मला भेटतात. पण वाचणारा एकटाच खोलीत बसून मोठ्यानं हसतो, बायकोला हाक मारून 'हे ऐक' म्हणून परिच्छेद वाचून दाखवतो, त्या क्षणी तो वाचक झालेला असतो. त्यानंतर त्याला काय वाचायचं ते तो स्वतः शोधू लागतो. हे काम मिरासदारांनी महाराष्ट्रात किती घरांत केलं असेल! 2021 मध्ये ते गेले तेव्हा आमच्याकडे त्यांची पुस्तकं पुन्हा मागायला आलेली माणसं मी पाहिली आहेत. बरेचसे पासष्टी ओलांडलेले, आणि आपण पहिल्यांदा वाचलेलं पुस्तक पुन्हा हातात घ्यायला आलेले.

शंकर पाटलांमध्ये हसू आहेच, 'धिंड'सारख्या कथा ऐकताना लोक लोटपोट व्हायचे. पण 'वळीव'मधला पाटील वेगळा आहे, तिथे हसता हसता मन गप्प होतं. तो दुसऱ्या टप्प्यावर दे.

आता काकूंबद्दल. आटपाडीच्या म्हणजे माणदेशातल्याच. माडगूळ त्यांच्या तालुक्यातलं गाव. 'माणदेशी माणसं' हे माडगूळकरांचं 1949 चं पुस्तक त्यांच्या हातात दिलंस तर त्यातलं बोलणं त्यांना कुठल्याही प्राध्यापकापेक्षा चांगलं कळेल. एकेका माणसावर काही पानं, संपलं की दुसरा माणूस. आणि 'बनगरवाडी'! एक पोरसवदा मास्तर धनगरांच्या वस्तीवर शाळा चालवायला जातो, एवढीच सुरुवात. मग कारभारी, आयबू, आनंदा रामोशी अशी माणसं एकेक करून त्याच्या आयुष्यात येतात, वाडी मिळून तालीम बांधते, औंधचा राजा ती बघायला येतो, आणि शेवटी दुष्काळ सगळी वाडी रिकामी करतो. 1955 पासून हे पुस्तक लोक वाचतायत. मला विचारशील तर मराठीत नव्या वाचकासाठी याहून चांगली कादंबरी नाही. आकारानं लहान आहे. वाक्यं छोटी आहेत आणि त्यांत एकही शब्द मिरवण्यासाठी आलेला नाही. माडगूळकर चित्रकार होते, त्यामुळे ते आधी दाखवतात. भावना समजावून सांगत बसत नाहीत. आणि ज्यानं शंभर पुस्तकं वाचली आहेत तोही ते पुन्हा उघडतो. सोपं आणि थोर एकाच वेळी असू शकतं याचा पुरावा म्हणून मी हे पुस्तक पुढे करते.

पण एक सांभाळ. काकू गावाकडच्या आहेत म्हणून त्यांना गावाकडचंच द्यायचं असं ठरवून टाकू नकोस. आमच्याकडे मंडईत भाजी विकणाऱ्या एक बाई सभासद आहेत. त्यांना मी ग्रामीण कथांचं पुस्तक काढून दिलं, तर त्या म्हणाल्या, "हे मला सगळं ठाऊक आहे बाई, मुंबईतल्या ब्लॉकात राहणाऱ्यांचं काहीतरी द्या." मग त्यांना व. पु. काळे दिले. वपु स्वतः मुंबई महापालिकेत आर्किटेक्ट होते, तेही कथाकथन करायचे, त्यांच्या कॅसेटी घरोघरी वाजायच्या. नोकरी करणारी बाई, जागेची अडचण, नवराबायकोंतले न बोललेले प्रश्न हे सगळं ते समोर बसून बोलल्यासारखं लिहितात. बाईंनी पाठोपाठ त्यांची सगळी पुस्तकं नेली. तेव्हा काकूंसमोर दोन्ही ठेव आणि त्यांना निवडू दे. फक्त 'वपुर्झा'पासून सुरू करू देऊ नकोस. तिथे सुटे सुटे विचार आहेत, आणि नव्या वाचकाला धरून ठेवायला सलग गोष्ट लागते. 'पार्टनर' किंवा कुठलाही कथासंग्रह दे.

काकूंना अण्णा भाऊ साठ्यांची गोष्ट नक्की सांग. पुस्तक देण्याआधी लेखकाचीच गोष्ट सांग. वाळवा तालुक्यातलं वाटेगाव, आमच्या कराडपासून काही फार लांब नाही. शाळेत ते जेमतेम दीड दिवस गेले असं सांगतात. वडिलांबरोबर मुंबईला चालत गेले, गिरणीत राबले, आणि दुकानांच्या पाट्या, सिनेमाची पोस्टरं बघत अक्षरं शिकले. तिथून पुढे त्यांनी 'फकिरा' लिहिली. 1959 ची ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. ते शाहीरही होते, लालबावटा कलापथकातून हजारो माणसांसमोर उभं राहण्याची सवय होती, त्यामुळे त्यांच्या गद्यालाही डफाचा ठोका आहे. घटना थांबत नाही, नायक दणकट, अन्याय स्पष्ट. ज्या बाईला वाटतं की सातवी शिकलेल्या माणसाचं पुस्तकांशी काय नातं, तिला हा लेखक कळला पाहिजे. पुढे काकूंना आवडलं तर आनंद यादवांचं 'झोंबी' आहे. शिकण्यासाठी बापाशी आणि दारिद्र्याशी झुंजणाऱ्या पोराची ती गोष्ट आहे. पण ती जाड आहे आणि मन पिळवटणारी आहे, घाई नको.

भावोजी इंजिनीअर, दिवसभर फोनवर विज्ञानाच्या बातम्या वाचणारे. त्यांना जयंत नारळीकर दे. भावोजींना ही हकीकत आवडेल: मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारळीकरांनी पहिली कथा पाठवली ती टोपणनावानं. जयंत विष्णू नारळीकर ही आद्याक्षरं उलटी फिरवून नारायण विनायक जगताप असं नाव घेतलं, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली. जगात नाव असलेल्या खगोलशास्त्रज्ञाला आपली गोष्ट फक्त गोष्ट म्हणून तपासली जावी असं वाटलं! कथेला पहिलं बक्षीस मिळालं. 'यक्षांची देणगी' हा त्यांचा कथासंग्रह सुरुवातीला उत्तम. वर्गात समजावून सांगावं तसं ते लिहितात. त्यात अलंकार नाहीत, आणि कल्पना मात्र अशी की पान उलटल्याशिवाय राहवत नाही. 2025 च्या मे महिन्यात ते गेले, तेव्हा मी आमच्या दर्शनी कपाटात त्यांची सगळी पुस्तकं मांडली होती. ती सगळी बाहेर गेली.

रात्री झोप न येण्याची तक्रार भावोजी करतात ना, मग रत्नाकर मतकरींच्या गूढकथा द्यायच्या की नाही ते तू ठरव! मतकरी मुळात नाटककार, म्हणून संवादातून गोष्ट पुढे नेण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. 'खेकडा' वाचलेला माणूस ती कथा विसरत नाही. गूढकथेचा फायदा असा की वाचकाला पहिल्याच पानावर एक प्रश्न पडतो आणि उत्तर शेवटच्या पानावर असतं. मधली पानं मग जड जात नाहीत. नारायण धारपांचं तसंच.

इथे मला थोडं रागानं लिहावंसं वाटतंय. वाचनालयांच्या जगात धारप, बाबूराव अर्नाळकर, सुहास शिरवळकर ही नावं घेतली की काही लोक नाक मुरडतात. हलकं साहित्य, म्हणे, अभिरुची बिघडते. अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड यांच्यासाठी लोक वाचनालयासमोर ताटकळत उभे राहायचे असं माझे वडील सांगायचे, आणि तेच वडील पुढे इरावती कर्व्यांचं 'युगान्त' वाचत होते. एका माणसाच्या आयुष्यात दोन्ही मावतं. शिरवळकरांची 'दुनियादारी' वाचून पुस्तकांकडे वळलेली पोरं माझ्या टेबलाशी येतात. कॉलेजचा कट्टा, मैत्री, प्रेम, सगळं संवादांतून. 2013 साली सिनेमा आला तेव्हा तर एका प्रतीसाठी नावं लिहून ठेवावी लागत होती. त्या पोरांतले काही जण तिथेच थांबले, काही पुढे गेले. जे थांबले तेही वाचतच आहेत. मला यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही.

आणि सिनेमाचं म्हणशील तर तो चांगला दरवाजा आहे. गोष्ट ठाऊक असली की नव्या वाचकाची निम्मी भीती जाते. 'छावा' सिनेमा आला आणि शिवाजी सावंतांची कादंबरी मागणाऱ्यांची रांग लागली. सावंतांची भाषा भरजरी, वाक्यं लांब. पण ज्याला पुढे काय होणार ते माहीत आहे तो त्या भाषेतूनही वाट काढतो. 'मृत्युंजय' वाचूनच वाचक झालेली माणसंही आहेत, ती याच कारणानं. महाभारत घरात ऐकलेलं असतं. भावोजींना इतिहासाची आवड असेल तर मी आधी रणजित देसाईंची 'स्वामी' देईन. माधवराव-रमाबाईंची ती कथा 'श्रीमान योगी'पेक्षा पुष्कळ आटोपशीर आहे.

तुझ्या लेकाचा प्रश्न सगळ्यांत अवघड आहे आणि मला त्याच्याबद्दल सगळ्यांत जास्त उत्सुकता आहे. त्याला घरातली मराठी समजते, बोलता येते, पण जोडाक्षर आलं की तो थबकतो. म्हणजे काकूंना जे सोपं ते त्याला अवघड. माडगूळकरांचं माणदेशी बोलणं त्याच्या कानावर कधी पडलेलंच नाही. जयवंत दळवींचं 'सारे प्रवासी घडीचे' तुला-मला किती प्रिय, पण त्यातली कोकणातली बोली त्याला कुठून कळणार? पुस्तक सोपं की अवघड हे वाचणाऱ्याचा कान कुठल्या घरात वाढला त्यावर ठरतं. त्याला शहरातली, आजची बोली लागेल.

डोळ्याला सराव म्हणून आधी 'चिंटू'ची पुस्तकं दे. चार चौकटी, दोन वाक्यं, रोजच्या घरातली भाषा. लाजायचं कारण नाही, इथे आजोबाही वाचतात. त्यानंतर मिलिंद बोकिलांची 'शाळा'. 2004 साली आलेली ही कादंबरी नववीतला मुकुंद जोशी स्वतः सांगतो, अगदी त्या वयाच्या भाषेत. आणीबाणीचा काळ, मित्रांची टोळी, आणि शिरोडकर नावाची मुलगी. तिला तो शेवटपर्यंत आडनावानंच हाक मारतो, हे तुझ्या लेकाला गमतीचं वाटेल, त्याला समजावून सांग. पुस्तक तीनशे पानांच्या आसपास आहे, पण कुठेही चढ लागत नाही. तो आता कॉलेजात आहे, शाळा नुकतीच मागे पडली आहे. हीच वेळ आहे ते वाचायची. त्याचं ऑडिओबुक मिळालं तर एका बाजूला आवाज आणि हातात पुस्तक असं करून बघा. कान पुढे, डोळा मागे. मराठी शाळेतल्या बाईंनाही हे सुचव.

लंपनबद्दल माझं मन दोन बाजूंनी ओढलं जातं. प्रकाश नारायण संत आमच्या कराडच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे, त्यामुळे माझा जीव त्या पुस्तकांत जास्तच गुंतलेला आहे. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' ही चारही पुस्तकं आजी-आजोबांकडे राहणाऱ्या लंपन नावाच्या मुलाची आहेत, आणि त्या मुलाच्या डोक्यात जे चालतं ते इतकं खरं आहे की वाचताना आपलं वयच गळून पडतं. पण भाषा बेळगावकडची, कानडीचे हेल असलेली. लेकानं एकट्यानं वाचायला घेतलं तर अडेल. तू मोठ्यानं वाच आणि त्याला ऐकू दे. एक गोष्ट संपली की पुढची तो स्वतः वाचतो का ते बघ. मला वाटतं वाचेल.

आणि मुंबईतल्या आजच्या माणसांच्या कथा हव्या असतील तर गणेश मतकरींचं 'खिडक्या अर्ध्या उघड्या'. रत्नाकर मतकरींचेच ते चिरंजीव. म्हणजे वडील बापाला आणि मुलगा मुलाला, अशी तुमच्या घरात वाटणी होईल.

पुस्तक मागवताना नुसती जाडी बघू नकोस. बारीक पुस्तक सोपं असतंच असं नाही. विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' हातात मावेल एवढं आहे, त्याची थोरवी मी मानते, पण युरोपातून निघालेल्या त्या बोटीवर चक्रधर आणि हॅर्टा यांच्यात जे घडतं ते पेलायला थोडा वाचनाचा अनुभव लागतो. खानोलकरांचं तसंच, जी. एं.च्या कथांचं तर विशेष. जी. ए. माझे सगळ्यांत आवडते, म्हणूनच मी ते कुणाला पहिल्यांदा देत नाही. फार तर 'बखर बिम्मची' देते. मोठ्या कथांमधला काळोख तिथे नाही, एका लहान मुलाच्या डोळ्यांना दिसणारं जग आहे, आणि जी. ए. नावाची भीती त्यामुळे जाते.

पारख करायची साधी रीत सांगते. पुस्तक घेण्याआधी त्यांना पहिलं पान मोठ्यानं वाचायला सांग. वाक्याच्या मध्येच श्वास तुटत असेल, कोण बोलतंय ते कळायला मागे जावं लागत असेल, तर ते पुस्तक वर्षभरानं. वाचता वाचता आवाजात आपोआप चढउतार आला तर तेच पुस्तक. गो. नी. दांडेकरांच्या कादंबऱ्यांचं अभिवाचन वीणा देव आणि त्यांच्या घरातल्यांनी वर्षानुवर्षं केलं आणि लोक तासन् तास ऐकत बसले, कारण ते गद्य जिभेवर चढतं. 'जैत रे जैत' किंवा 'माचीवरला बुधा' भावोजी पुढच्या वर्षी वाचतील. तरुणपणी राजमाचीला गेले होते ना ते?

आणखी एक विनंती, मनापासून. वाचून झालं की त्यांना प्रश्न विचारू नकोस. 'कळलं का', 'काय बोध घेतला' हे शाळेत पुष्कळ झालं. त्यामुळेच कितीतरी माणसं पुस्तकांपासून लांब गेली. आवडलं नाही तर अर्धं सोडायची मुभा दे, आणि सोडल्याबद्दल चकार शब्द काढू नकोस. भावोजींनी मिरासदार सोडले तर मला आश्चर्य वाटेल, पण सोडले तर सोडले. आपण दुसरं देऊ.

तू स्वतः काय वाचतेयस ते लिहिलं नाहीस. गौरी देशपांड्यांचं 'एकेक पान गळावया' पुन्हा काढ बघू. परदेशात राहून घरच्या भाषेत स्वतःशी बोलणाऱ्या बायका त्यांनी जशा लिहिल्या तशा कुणी नाही, आणि आता तुला ते विशीत वाचलं होतं त्याहून वेगळं वाटेल.

पार्सल परवा टाकलं. त्यात मिरासदारांची दोन, 'बनगरवाडी', वपुंचा एक कथासंग्रह, 'फकिरा', 'यक्षांची देणगी', 'शाळा' आणि 'चिंटू' आहे. शिवाय यंदाचे तीन दिवाळी अंक घातलेत. 1909 साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून नव्या वाचकाला इतकी चांगली सोय दुसरी झाली नसेल: एका अंकात पंधरा लेखक, कुणाचंही पान उघडा, नाही जमलं तर पुढच्याकडे जा. अंक स्वयंपाकघरात किंवा जेवणाच्या टेबलावर टाकून ठेव, कपाटात लावू नकोस.

'बनगरवाडी'च्या दोन प्रती आहेत, एक काकूंनाच ठेवू दे. त्यांचा चष्मा बरेच दिवस बदललेला नाही असं तू मागे लिहिलं होतंस, ते आधी बघ. बारीक टाइपानं डोकं दुखलं तर त्या लेखकालाच दोष देतील. आणि भावोजींना सांग, पहिलं पुस्तक संपलं की इथल्या सकाळच्या वेळी मला फोन करा. पुढचं कुठलं पाठवायचं ते मी त्यांच्याशीच बोलून ठरवणार आहे.

तुझी,
सुधा